सुरतेचे कापड, छोटा व्यवसाय आणि 'शाश्वत' शब्दाचा हिशेब

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील गाऊन असो, मडगावच्या दुकानातील रोजच्या वापराची साडी असो किंवा पणजीतील एखाद्या प्रदर्शनात टांगलेला कुर्ता, अशा बऱ्याच मालाचे मूळ शोधत गेल्यास शेवटी सुरतेच्या रिंगरोडवरील एखादा गाळा सापडतो. गेल्या काही वर्षांत 'शाश्वत', 'पर्यावरणस्नेही', 'नैसर्गिक' अशी विशेषणे लावून कपडे विकणारे लहान उद्योग ठिकठिकाणी उभे राहिले आहेत. घरातील एक खोली, दोन शिलाई यंत्रे, एक कारागीर आणि समाजमाध्यमावरील एक खाते एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येत असल्याने अनेक तरुण-तरुणी, विशेषतः गृहिणी, या व्यवसायाकडे वळतात. कापड मात्र त्यांना कुठून तरी आणावे लागते, आणि स्वस्त, विविध व झटपट मिळणारे कापड म्हटले की सुरतेचे नाव प्रथम येते.

इथेच पेच निर्माण होतो. देशातील कृत्रिम धाग्याच्या कापडाचे सर्वांत मोठे केंद्र असलेल्या शहरातून माल आणून तो 'शाश्वत' म्हणून विकता येतो काय? येत असल्यास कोणत्या अटींवर? आणि तसे करताना व्यवसाय स्वतः टिकतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी सुरतेचा बाजार कसा चालतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

बंदरापासून पॉलिस्टरपर्यंत

तापीकाठचे हे शहर मराठी वाचकाला ठाऊक असते ते शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्यांमुळे. त्या काळी मोगल साम्राज्याचे ते पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. इंग्रजांची भारतातील पहिली कायम वखार १६१३ मध्ये येथेच स्थापन झाली. या बंदरातून जाणाऱ्या मालात कापडाला मानाचे स्थान होते. किनखाब, तनछोई आणि जर ही सुरतेची जुनी ओळख. पुढे मुंबईच्या उदयाबरोबर बंदराचे वैभव ओसरले, तरी विणकाम आणि जरीचा धंदा तगून राहिला. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर चमकणारी जर आजही सुरतेहून येते, आणि 'सुरत जरी'ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानातून गेलेल्या आखूड धाग्याच्या कापसाला तेथे 'सुरत' हेच नाव पडले होते. वारंवार तुटणाऱ्या त्या धाग्याचा तिथल्या कामगारांना इतका तिटकारा होता, की हे नाव हलक्या मालाला समानार्थी ठरले. शहराच्या नावाशी 'स्वस्त पण हलके' हा शिक्का जोडला जाण्याची ही पहिली वेळ असावी.

विसाव्या शतकात सुरतेने कृत्रिम रेशीम, नायलॉन आणि नंतर पॉलिस्टर स्वीकारले. हाजिरा येथे पॉलिस्टरचा कच्चा माल तयार करणारे मोठे कारखाने आले आणि धागा, विणकाम, रंगाई, छपाई, भरतकाम व घाऊक विक्री ही सारी साखळी काही किलोमीटरच्या परिघात एकवटली. आज सुरतेत सकाळी पाहिलेली नक्षी थोड्याच दिवसांत हजारो साड्यांवर उमटू शकते. ही गती हेच या बाजाराचे बळ आहे, आणि अतिरिक्त उत्पादनाचे मूळही तेच आहे.

या साखळीत मराठी माणूस मोठ्या संख्येने आहे. तापी खोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत येत राहिली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अहिराणी सहज कानावर पडते आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले मजूर यंत्रमागांवर, उत्तर भारतीय मजूर रंगाई-छपाईच्या कारखान्यांत आणि खान्देशी कुटुंबे त्याच साखळीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर, असे हे मनुष्यबळ आहे.

ताक्याचा प्रवास

सुरतेत प्रथमच खरेदीला गेलेल्या माणसाचा गोंधळ होतो, कारण ज्याला आपण 'कापडाचा कारखाना' म्हणतो तशी एकच वास्तू तेथे क्वचित असते. यंत्रमागधारक धागा विकत घेऊन कोरे कापड विणतो. या कोऱ्या कापडाला बाजारात 'ग्रे' म्हणतात. व्यापारी ते ग्रे विकत घेतो आणि पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदरा येथील रंगाई-छपाईच्या कारखान्यात पाठवतो. या कारखान्यालाच सुरतेत 'मिल' म्हणतात. मिल कापडाची मालक नसते, ती मीटरमागे मजुरी घेऊन काम करून देते. तेथून कापड भरतकामाच्या यंत्रांकडे, मग लेस-पट्टी, टिकली, खडे लावणाऱ्या स्त्रियांकडे, मग घडी आणि वेष्टनाला जाते. शेवटी ते रिंगरोडवरील बाजारात दलाल किंवा आढतियामार्फत विकले जाते.

लहान व्यावसायिकाने या प्रवासातील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की गाळ्यावर बसलेला विक्रेता बहुधा व्यापारी असतो. कापड कोणत्या मिलमध्ये रंगले, कोणता रंग वापरला, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही आणि कधी कधी विचारूनही कळत नाही. दुसरी गोष्ट किमान खरेदीची. स्वतःच्या नक्षीची छपाई करून घ्यायची तर मिलला मोठी मात्रा लागते, आणि पन्नास-शंभर मीटरसाठी जुन्या पद्धतीच्या रोटरी यंत्राचे पडदे बनवणे परवडत नाही. डिजिटल छपाईमुळे ही अडचण बरीच कमी झाली असून थोडे मीटरही छापून मिळतात, मात्र मीटरमागचा दर चढा असतो. तिसरी गोष्ट घटीची. ग्रे कापड रंगाईत आटते, म्हणून ग्रेच्या मीटरवर हिशेब मांडणाऱ्याला तयार कापड हाती येताना तूट दिसते. भाव ठरवताना तो ग्रेचा आहे की तयार मालाचा, हे स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे.

पाणी, धूर आणि माणसे

शाश्वत कपड्याची चर्चा सहसा धाग्यापाशी थांबते. प्रत्यक्षात नुकसानीचा मोठा वाटा रंगाईच्या टप्प्यावर असतो. पॉलिस्टरमध्ये रंग मुरवण्यासाठी दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी बाष्पके चालतात आणि त्यांत मुख्यतः कोळसा व लिग्नाइट जळते. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईला तापमान कमी पुरते, परंतु तिला मीठ, अल्कली आणि वारंवार धुण्यासाठी भरपूर पाणी लागते. म्हणजे सुती असले की सारे शुद्ध, हा समज अपुरा आहे.

या बाबतीत सुरतेने काही उल्लेखनीय प्रयोगही केले आहेत. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये येथे धुरातील सूक्ष्म कणांसाठी उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. कणप्रदूषणासाठी अशी बाजारपद्धती राबवण्याचा तो जगातील पहिला प्रयोग मानला जातो. सुमारे ३०० कारखान्यांचा त्यात अभ्यास झाला आणि त्यांत बहुसंख्य कापड उद्योगातील होते. एकूण उत्सर्जनाची मर्यादा ठरवून कारखान्यांना परवाने दिले गेले. कमी धूर सोडणारा उरलेले परवाने विकू शकतो, जास्त सोडणाऱ्याला ते विकत घ्यावे लागतात. योजनेत सहभागी कारखान्यांचे कणउत्सर्जन इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसून आले. दुसरा प्रयोग पाण्याचा. महापालिकेने बमरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून दररोज ४ कोटी लिटरपर्यंत पाणी पांडेसरातील उद्योगांना विकण्याची व्यवस्था उभी केली. नदीचे ताजे पाणी वाचते आणि पालिकेला उत्पन्नही मिळते.

याच शहराची दुसरी बाजू ६ जानेवारी २०२२ रोजी दिसली. सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून बेकायदा सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू तयार झाला आणि जवळच्या कापड कारखान्यातील सहा मजुरांचा बळी गेला. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत मजुरी थांबलेले हजारो कामगार घरी जाऊ द्या म्हणत सुरतेच्या रस्त्यावर उतरले होते. यंत्रमागावरील बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर ठरणारी मजुरी आणि घरबसल्या धागे कापणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या स्त्रियांना नगावर मिळणारे तुटपुंजे पैसे, हा स्वस्त कापडाच्या भावातील अदृश्य घटक आहे. ज्या कुर्त्याच्या वेष्टनावर झाडाचे पान छापले आहे, त्याच्या काठावर टिकल्या लावणाऱ्या बाईला नगामागे काय मिळाले, हा प्रश्न 'शाश्वत' या शब्दाच्या बाहेरचा नाही.

कोणता धागा, किती खरा

सुरतेत पॉलिस्टरखेरीज व्हिस्कोस, नायलॉन, रेशीम आणि मिश्र धाग्यांचे कापडही मिळते. प्रत्येकाचे गुणदोष वेगळे आहेत.

पॉलिस्टर खनिज तेलापासून बनते, कुजत नाही आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. मात्र ते टिकाऊ असते, लवकर वाळते आणि त्याला इस्त्री फारशी लागत नाही. दहा वर्षे वापरलेली पॉलिस्टर साडी ही दोनदा नेसून फेकलेल्या सुती साडीपेक्षा वाईट, असे म्हणता येणार नाही.

पुनर्चक्रित पॉलिस्टर मुख्यतः प्लास्टिकच्या बाटल्यांपासून तयार होते. नवे तेल कमी लागते हा त्याचा फायदा खरा असला, तरी धुताना तंतू त्यातूनही सुटतात. शिवाय बाटलीपासून पुन्हा बाटली बनू शकते. कपड्यापासून, त्यातही मिश्र धाग्याच्या कपड्यापासून, पुन्हा कपडा बनवणे अजून कठीण आहे.

व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून बनते, म्हणून अनेक विक्रेते ते 'नैसर्गिक' म्हणून खपवतात. त्याच्या निर्मितीत कार्बन डायसल्फाइड हे घातक रसायन वापरले जाते. लायोसेल हा त्याच कुळातील धागा असून त्याच्या निर्मितीत विद्रावक जवळजवळ संपूर्ण परत वापरला जातो, त्यामुळे तो तुलनेने बरा ठरतो.

सेंद्रिय कापूस हा चांगला पर्याय आहे, पण तो खरा असेल तरच. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांसाठीच्या 'गॉट्स' या जागतिक प्रमाणनाच्या यंत्रणेला भारतात बनावट कागदपत्रांच्या आधारे सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेल्याचे आढळले होते.

केळीच्या खोडाच्या धाग्याचाही उल्लेख करायला हवा. सुरतेशेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने खोडापासून धागा, कागद आणि द्रवखत तयार करण्यावर काम केले आहे. दक्षिण गुजरात आणि जळगाव हा केळीचा पट्टा असल्याने कच्च्या मालाला तोटा नाही. हा धागा जाडसर असल्याने पिशव्या, चटया व मिश्र कापड यांसाठी तो अधिक सोयीचा ठरतो.

गाळ्यावर उभे राहून धागा ओळखण्याचा जुना उपाय म्हणजे काडी लावून पाहणे. सुती व व्हिस्कोसचा धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी बनते. मिश्र कापडात दोन्ही लक्षणे दिसतात. ही चाचणी सुटलेल्या धाग्यावर, सुरक्षित जागी आणि विक्रेत्याला विचारून करावी. टक्केवारी हवी असल्यास मात्र प्रयोगशाळेतील चाचणीला पर्याय नाही.

उरलेल्या कापडाची संधी

छोट्या व्यवसायासाठी सुरतेतील सर्वांत प्रामाणिक शाश्वत मार्ग कदाचित नवे कापड विणून घेण्यात नाहीच. निर्यातीची रद्द झालेली मागणी, रंगात किंचित फरक पडलेले ताके, साडी कापून उरलेले तुकडे, मोसमानंतर पडून राहिलेला साठा, असा माल या बाजारात सतत निघतो. त्यातील काही मीटरवर, तर काही चक्क किलोवर विकला जातो. हे कापड आधीच तयार झालेले आहे. ते वापरले तर नवे पाणी, नवा कोळसा खर्ची पडत नाही.

या मार्गाच्या मर्यादाही आहेत. तोच ताका पुन्हा मिळत नाही. एका रंगाचे वीस कुर्ते झाले की तो रंग संपला. किलोवर घेतलेल्या मालात डाग, भोके, विणीतले दोष निघतात, म्हणून वीस-पंचवीस टक्के माल वाया जाईल असे धरूनच भाव काढावा. ज्यांना दुकानदारांची ठरावीक मापांची, ठरावीक रंगांची मोठी मागणी पुरवायची आहे, त्यांना हा मार्ग जमणार नाही. ज्यांचा ग्राहक 'असा कपडा दुसऱ्या कुणाकडे नाही' याचे मोल जाणतो, त्यांच्यासाठी तो उत्तम आहे.

चिंध्यांचे मोल आपल्या परंपरेला नवे नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवणारी आजी कापडाचा शेवटचा तुकडाही वाया घालवत नसे. कापणीतून पडणाऱ्या तुकड्यांपासून बटवे, उशांचे अभ्रे, केसांचे पट्टे, गोधड्या बनवणारे उद्योग आज त्याच शहाणपणावर चालतात. मात्र कापणी नीट आखणे हा पहिला उपाय. नमुने कागदावर जवळजवळ मांडून कापले तर दहा कुर्त्यांच्या कापडात अकरावा निघण्याची शक्यता असते.

दावा करण्यापूर्वी

आता कायद्याकडे वळू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार 'पर्यावरणस्नेही', 'हरित', 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'शाश्वत' यांसारखे शब्द मोघमपणे वापरता येत नाहीत. दाव्यामागे पडताळता येईल असा पुरावा हवा, आणि दावा संपूर्ण वस्तूविषयी आहे, तिच्या एखाद्या भागाविषयी आहे की केवळ वेष्टनाविषयी, हे स्पष्ट करायला हवे. वेष्टन कागदी असल्याने कुर्ता शाश्वत ठरत नाही.

प्रमाणपत्रांबाबतही गैरसमज फार आहेत. 'गॉट्स' मानकानुसार 'सेंद्रिय' असा शिक्का मिळण्यासाठी किमान ९५ टक्के आणि 'सेंद्रिय धाग्याने बनवलेले' असे म्हणण्यासाठी किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो. पुनर्चक्रित मालाच्या 'जीआरएस' मानकाचे बोधचिन्ह लावायला किमान ५० टक्के पुनर्चक्रित धागा हवा. विक्रेता भिंतीवर लावलेले जे प्रमाणपत्र दाखवतो, ते त्याचा कारखाना पात्र असल्याचे सांगते. आपण विकत घेतलेला माल प्रमाणित असल्याचा पुरावा म्हणजे त्या विशिष्ट मालासाठी दिलेले व्यवहार प्रमाणपत्र. ते वेगळे मागावे लागते. आणखी एक बाब म्हणजे साखळीतील शेवटचा शिवणकाम करणारा प्रमाणित नसेल, तर कापड प्रमाणित असूनही तयार कपड्यावर ते बोधचिन्ह लावता येत नाही. घरगुती शिवणकामाला असे प्रमाणन खर्चामुळे झेपत नाही.

मग लहान व्यावसायिकाने काय लिहावे? जे खरे आहे ते साध्या शब्दांत लिहावे. 'हा कुर्ता सुरतेच्या बाजारातील उरलेल्या व्हिस्कोस कापडापासून म्हापशात शिवला आहे' हे वाक्य कोणत्याही हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, आणि ते सिद्धही करता येते.

हातमागाबाबत विशेष दक्षता हवी. बनारसच्या विणकरांनी आपल्या नक्षीची सुरतेत यंत्रमागावर होणारी नक्कल हा रोजीरोटीवरचा घाला असल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आहे. गोव्याची चौकड्यांची कुणबी साडी अलीकडच्या काळात पुन्हा प्रतिष्ठेला पोहोचली, त्यात दिवंगत वस्त्रकल्पक वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा होता. त्याच चौकड्या यंत्रावर छापून वा विणून 'गोव्याची हातमाग साडी' म्हणून विकणे म्हणजे आपल्याच गावच्या मागावरचा धागा तोडणे होय. हातमागाचा दावा करायचा तर हँडलूम मार्क असलेला माल घ्यावा.

एका कुर्त्याचा हिशेब

तत्त्वे कितीही उत्तम असली तरी हिशेब चुकला की व्यवसाय बुडतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, त्यांमागील रीत महत्त्वाची आहे.

समजा, एका कुर्त्याला अडीच मीटर कापड लागते आणि मीटरचा भाव १२० रुपये आहे. कापडाचे ३०० रुपये झाले. शिलाई १५० रुपये, गुंड्या-धागा-लेबल ३० रुपये, इस्त्री व वेष्टन ३० रुपये, मिळून ५१० रुपये. सदोष नगांसाठी २५ रुपये आणि भाडे, वीज, छायाचित्रे, प्रवास यांचा वाटा ६५ रुपये धरला, तर खर्च ६०० रुपयांवर जातो. कुर्ता एखाद्या दुकानात ठेवला आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर १,००० रुपये किमतीतून हाती ७०० रुपये येतात. नगामागे नफा १०० रुपये. ग्राहकाला ५ टक्के वस्तू व सेवा कर धरून १,०५० रुपये पडतात.

आता शंभर कुर्ते शिवले आणि ऐंशी विकले गेले असे समजू. नफा ८,००० रुपये झाला. उरलेल्या वीस कुर्त्यांत मात्र १२,००० रुपये अडकले. म्हणजे प्रत्यक्षात ४,००० रुपयांची खोट. ते वीस कुर्ते अर्ध्या किमतीत काढले, तर प्रत्येकी ३५० रुपये हाती येतील, नगामागे २५० प्रमाणे ५,००० रुपये जातील आणि एकूण नफा ३,००० रुपयांवर येईल. याउलट साठच शिवले आणि साठही विकले, तर नफा ६,००० रुपये.

अतिरिक्त उत्पादन टाळणे हा पर्यावरणाचा उपदेश वाटतो, परंतु छोट्या व्यावसायिकासाठी तो निव्वळ व्यवहार आहे. आधी मागणी नोंदवून मग शिवणे, एका वेळी थोडे नग काढणे, मापे कमी ठेवून बाजूला दोरी किंवा चुण्यांची सोय करणे, या साध्या युक्त्यांनी साठा आटोक्यात राहतो. घरपोच विक्रीत परत येणारा माल हा आणखी एक छुपा खर्च आहे. जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च आपल्याच माथी बसतो. मापांचा अचूक तक्ता आणि उजेडात काढलेले खरे छायाचित्र हा त्यावरचा स्वस्त उपाय.

कर, उधारी आणि विमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के, तर त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याच वेळी कृत्रिम तंतूवरील कर १८ वरून आणि धाग्यावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. २,४०० रुपयांची वस्तू २,६०० रुपयांना विकताना करातील ही उडी लक्षात घ्यावी लागते.

वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण ही सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. काही हस्तकला वस्तूंचा अपवाद सोडल्यास परराज्यात माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावी लागते. गोव्यासारख्या लहान राज्यात हे विशेष लागू पडते, कारण सावंतवाडी वा बेळगावच्या ग्राहकाला पाठवलेले पार्सलही आंतरराज्य विक्री ठरते. दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत कर कमी व कागदपत्रे थोडी असतात. मात्र त्या योजनेत परराज्यात विक्री करता येत नाही आणि सुरतेत कापडावर भरलेल्या कराचे श्रेयही मिळत नाही.

सुरतेचा बाजार उधारीवर चालतो. जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याला तीन-तीन महिने मुदत मिळते, नवख्याला रोखीने घ्यावे लागते. विकताना मात्र दुकानदार त्याच्याकडेच उधारी मागतो. या दोन टोकांत छोट्याचे भांडवल अडकते. येथे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ उपयोगी पडतो. 'उद्यम' संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय ठरते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातील तरतुदीने याला धार आली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीस मिळत नाही. सुरतेच्या बाजारात तेव्हा या तरतुदीने मोठी खळबळ उडवली होती. हे संरक्षण उत्पादकाला आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. त्यामुळे कापड आणून कपडे शिवणाऱ्याने आपली नोंदणी उत्पादक म्हणूनच करावी.

विमा ही चैन नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंगरोडवरील शिवशक्ती मार्केटला लागलेल्या आगीत शेकडो दुकाने जळाली. घरातील खोलीत ठेवलेला कापडाचा साठाही तितकाच ज्वालाग्राही असतो, आणि घराच्या साध्या विम्यात व्यवसायाचा साठा सहसा धरलेला नसतो.

गोव्यातून जाणाऱ्यासाठी

सुरत आणि मडगाव यांना कोकण रेल्वेमार्गे जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या थेट गाड्या आहेत. पहिली खेप स्वतः जाऊन करावी, कारण छायाचित्रावरून कापडाचा पोत, जाडी व पडण कळत नाही. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर बाजारात लहान ग्राहकाकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते, म्हणून तो काळ टाळावा. प्रत्येक ताक्याचा अर्धा मीटर आधी विकत घेऊन घरी धुवून पाहावा. धुण्यापूर्वी व नंतर माप घेतले की आटण्याचे प्रमाण कळते, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासले की रंग जातो का ते दिसते. ग्राहकाच्या घरी ही परीक्षा होण्यापेक्षा आपल्या घरी झालेली बरी.

गोव्याच्या पावसाळ्याचाही विचार हवा. सुती, लिनन व व्हिस्कोस कापडाला दमट हवेत बुरशी धरते. जूनच्या आत साठा कमी करावा, उरलेला भिंतीपासून दूर, उंचावर, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकते.

विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत: धागा कोणता व किती टक्के? भाव ग्रेचा की तयार मालाचा? कापड कोणत्या मिलमध्ये रंगले? हा नवा माल आहे की उरलेला? सदोष मीटर परत घेणार काय? प्रमाणित म्हणत असाल तर या मालाचे व्यवहार प्रमाणपत्र मिळेल काय? एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर व्यवहार मोडलाच पाहिजे असे नाही. त्या गोष्टीचा दावा मात्र आपण ग्राहकापुढे करू नये.

शेवटी, शिवणाऱ्या हातांचा विचार. कापडाच्या साखळीवर छोट्या व्यावसायिकाचा फारसा ताबा नसतो, पण आपल्या खोलीतील कारागिरावर असतो. त्याची मजुरी वेळेवर देणे, नगाचा दर त्याला बसून काम परवडेल असा ठरवणे आणि दिवसाचे तास मर्यादित ठेवणे यासाठी कोणत्याही परदेशी प्रमाणपत्राची गरज लागत नाही. कुर्त्याच्या हिशेबातील शिलाईचे १५० रुपये कमी करून नफा वाढवण्याचा मोह पहिल्याच वर्षी होतो. तो आवरता आला, तर उरलेले दावे करण्याचा थोडा तरी अधिकार आपल्याला पोहोचतो.